जीबीमागे दहा एमबी

ऑफिससाठी प्रॉक्सी सर्व्हर घ्यायचा विषय निघाला की एक हिशेब हमखास ऐकू येतो. कॅशेसाठी डिस्कवर जितके जीबी राखून ठेवाल, त्यातल्या प्रत्येक जीबीमागे दहा एमबी रॅम धरा. मशीन ६४ बिटचं असेल तर दहाऐवजी चौदा. हा आकडा स्क्विड नावाच्या प्रॉक्सीच्या प्रश्नोत्तरांतून निघाला आणि लॅबच्या वह्यांमधून, विक्रेत्यांच्या कोटेशनांमधून फिरत राहिला. आजही नव्या खरेदीच्या कागदावर तो भेटतो. हिशेब बरोबर आहे. पण तो ज्या टंचाईत जन्मला ती टंचाई आता उरलेली नाही. प्रॉक्सीच्या डब्याची सगळी वंशावळच अशी आहे. त्या त्या काळात जे महाग होतं ते वाचवायला एकेक भाग आत शिरला, आणि महागाई सरल्यावरही तिथेच बसून राहिला.

सगळ्यात आधी महाग होता विश्वास. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्राम सुटला आणि त्या वेळच्या लहानशा इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी झाली. आपलं आतलं नेटवर्क बाहेरच्या जगाला सरळ जोडायचं नाही, हा धडा मोठ्या संस्थांनी तेव्हा घेतला. बेल लॅब्जमधल्या बिल चेस्विकने १९९० मध्ये आपल्या गेटवेची रचना मांडली. एक यंत्र बाहेर, ज्यावर कोणी भरवसा ठेवायचा नाही, एक आत, आणि दोघांमध्ये मोजकीच वाट. १९९२ मध्ये सॉक्स ही मध्यस्थामार्फत बाहेर जोडून घ्यायची पद्धत आली, तीही याच गरजेतून. यात वेबचा संबंध नव्हता, कारण वेब अजून जवळपास नव्हतंच. म्हणजे ऑफिसच्या वतीने बाहेर जाणाऱ्या मध्यस्थ यंत्राची कल्पना वेबच्या आधीची आहे, आणि ती जन्मली दारावरच्या पहाऱ्यासाठी. साठवण तिच्या डोक्यातही नव्हती.

१९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला आणि फायरवॉलच्या आत बसलेल्या कंपन्यांमधल्या लोकांनाही तो हवा झाला. त्यांचं यंत्र बाहेर जाऊ शकत नव्हतं. तोडगा सर्न या युरोपातल्या भौतिकी प्रयोगशाळेत निघाला. फिनलंडचा अरी लुओटोनेन तिथे सर्नच्या वेब सर्व्हरवर काम करत होता. इंटेलचा केव्हिन अल्टिस आणि लिंक्स ब्राउझर लिहिणारा कॅन्सस विद्यापीठातला लू मॉन्टुली यांच्याबरोबर त्याने प्रॉक्सीची पद्धत ठरवली. लुओटोनेन आणि अल्टिस यांचा निबंध १९९४ च्या मे महिन्यात जिनिव्हातल्या पहिल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत वाचला गेला. ब्राउझरने पूर्ण पत्ता प्रॉक्सीला द्यायचा, प्रॉक्सीने बाहेर जाऊन पान आणायचं, आणि जमलं तर एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. पुढच्या माणसाने तेच पान मागितलं तर मूळ सर्व्हरला एवढंच विचारायचं की मधल्या काळात काही बदललं का.

तेव्हा हार्डवेअर निवडायचा प्रश्नच नव्हता. फायरवॉलचं काम करणारं जे युनिक्स वर्कस्टेशन होतं त्याच्यावरच हा प्रोग्राम चढवला जायचा. नेटवर्क कार्डं दोन, एक आतल्या तारेला, एक बाहेरच्या. एवढंच काय ते शारीरिक लक्षण. सर्नच्या त्या काळातल्या एका खुणेचं आयुष्य मात्र अचाट ठरलं. कुठल्या प्रॉक्सीकडे जायचं हे सांगायला त्यांनी लहान लिपीत ‘एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी’ असं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवलं होतं. तीस वर्षांनंतर क्लाउडवर उभ्या राहणाऱ्या कंटेनरातले प्रोग्रामही तेच नाव वाचतात. २०१६ मध्ये त्या नावामुळे एक सुरक्षेचा घोटाळाही उघड झाला. सीजीआय पद्धतीत ‘प्रॉक्सी’ नावाचं हेडर बाहेरून पाठवलं की ते आत जाऊन नेमकं याच नावाचं, फक्त मोठ्या लिपीतलं, व्हेरिएबल व्हायचं. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना हे स्वप्नातही दिसलं नसेल.

दुसरी महागाई तारेची. ती समजल्याशिवाय प्रॉक्सीत एवढी मोठी डिस्क का बसवायचे हे कळत नाही.

न्यूझीलंडच्या विद्यापीठांना परदेशी वाहतुकीचे पैसे अगदी सुरुवातीपासून मापावर मोजावे लागत. समुद्रापार जाणारी वाट एकच, तीही अरुंद, आणि खर्च वापरणाऱ्यांनी वाटून घ्यायचा. तेच पान पुन्हा अमेरिकेतून आणणं म्हणजे तिथे खिशाला चाट होती. त्यामुळे कॅशेचा प्रॉक्सी त्या देशात फार लवकर रुजला. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९९८ पासून जॅनेट या विद्यापीठांच्या जाळ्याने अटलांटिकपलीकडून येणाऱ्या वाहतुकीवर मेगाबाइटला दोन पेन्स आकारायला सुरुवात केली, आणि मँचेस्टर व लफबरोच्या राष्ट्रीय कॅशेकडे विद्यापीठं नव्या आस्थेने पाहू लागली. दोन पेन्स ऐकायला किरकोळ वाटतात. विद्यापीठाच्या महिन्याच्या वाहतुकीला गुणून पाहिलं की एका चांगल्या सर्व्हरची किंमत त्यातून निघते. खरेदीचा प्रस्ताव मंजूर करून घ्यायला यापेक्षा सोपं गणित कुठल्याच संगणक विभागाला नंतर मिळालं नाही.

आपल्याकडे तर वाटच एवढीशी होती. अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचं परदेशाकडे उघडणारं दार मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीमध्ये होतं. १९९२ मध्ये तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला ६४ केबीपीएसची लाइन सुरू झाली, आणि देशातल्या नामवंत संस्थांचे संशोधक त्या एका दारातून ये-जा करू लागले. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. तरी पुढची कित्येक वर्षं मध्यम आकाराच्या ऑफिसात ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन ही मिरवायची गोष्ट होती, आणि पन्नास-शंभर माणसं तिच्यावर बसलेली असत. लहान ऑफिसं आणि सायबर कॅफे त्याहून खाली, एका डायल-अप मोडेमवर. तिथे विंडोजच्या मशीनवर विनगेट चालायचं. तेही मूळचं न्यूझीलंडचंच, १९९५ चं. टंचाईच्या देशात टंचाईची अवजारं आधी घडतात.

सर्नच्या प्रॉक्सीला ही गर्दी झेपेना. तो दर मागणीसाठी स्वतःची एक नवी प्रत उभी करायचा. शंभर लोकांनी एकदम शंभर चित्रं मागितली की मशीनमध्ये शंभर प्रक्रिया, आणि रॅम त्यातच संपलेली. कोलोरॅडो आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांतल्या हार्वेस्ट प्रकल्पाने दुसरा रस्ता धरला. प्रक्रिया एकच. ती सगळ्या जोडण्यांवर आळीपाळीने नजर फिरवते आणि जिथे काही आलं असेल तिथलं काम उरकते. प्रकल्प १९९६ मध्ये आटोपला तेव्हा या कॅशेच्या दोन शाखा फुटल्या. पीटर डॅन्झिगने त्याचं व्यापारी रूप काढलं. तेच पुढे नेटकॅश म्हणून नेटवर्क अप्लायन्स कंपनीकडे गेलं. ड्युएन वेसल्सने अमेरिकी नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर खुली शाखा चालू ठेवली आणि तिला नाव दिलं स्क्विड.

एकच प्रक्रिया, हा हार्वेस्टचा गुण स्क्विडला वारशाने मिळाला, आणि खरेदीच्या यादीवर त्याने पंधरा वर्षं राज्य केलं. दोन प्रोसेसरचं महागडं मशीन घेतलं तरी स्क्विड त्यातला एकच वापरणार. २०१२ च्या ३.२ आवृत्तीत अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय आली, तोवर जाणकार माणूस एकच, पण वेगवान प्रोसेसर मागायचा. खरं तर वेगवानही फारसा लागत नसे. लहान ऑफिसच्या लाइनला पेंटियम भरपूर होता. अडायचं ते दुसरीकडेच.

आता त्या दहा एमबीकडे. स्क्विड डिस्कवरच्या प्रत्येक वस्तूची नोंद रॅममध्ये ठेवतो, म्हणजे ‘हे पान आपल्याकडे आहे का’ या प्रश्नाचं उत्तर डिस्क न हलवता देता येतं. ३२ बिटच्या मशीनवर एका नोंदीला ७२ बाइट लागत: ५६ नोंदीचे, १६ तिच्या किल्लीचे. त्या काळी वेबवरची सरासरी वस्तू १३ केबीची धरली जायची. स्क्विडच्या सेटिंगमध्ये हा आकडा मुळातूनच भरलेला असतो. एका जीबीत अशा सुमारे ऐंशी हजार वस्तू मावतात. ऐंशी हजार गुणिले ७२ म्हणजे पावणेसहा एमबी. त्यावर इतर सटरफटर खर्च धरून गोळाबेरीज दहा. ६४ बिटच्या मशीनवर नोंद १०४ बाइटची होते, म्हणून चौदा. एवढी रॅम नसेल तर नोंदवहीचा काही भाग स्वॅप होऊन डिस्कवर जातो. मग पान शोधायलाही डिस्क, आणायलाही डिस्क. मशीन पूर्ण बंद पडत नाही. फक्त ऑफिसातला प्रत्येक जण ‘आज नेट स्लो आहे’ म्हणायला लागतो.

पण डिस्क किती घ्यायची? हे पहिलं पाऊल लोक गाळतात आणि थेट गुणाकाराला लागतात. रूढ अंदाज असा होता की कॅशेत साधारण आठवड्याभराची वाहतूक मावावी. ६४ केबीपीएसची लाइन सेकंदाला आठ केबी आणते. आठ तास अखंड भरून वाहिली तरी दिवसाला २३० एमबी, सहा दिवसांच्या आठवड्याला १.४ जीबी. म्हणजे दोन जीबी डिस्क आणि वीस एमबी रॅम! त्या काळच्या शंभर माणसांच्या ऑफिसला खरोखर एवढंच पुरत होतं. कपाटात पडलेला, कोणाला तरी नवा पीसी मिळाल्यामुळे सुटा झालेला डबा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं एक जास्तीचं नेटवर्क कार्ड आणि पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी. इतक्यावर अनेक ऑफिसांचा प्रॉक्सी वर्षानुवर्षं चालला. आणि तो नीट चालला. स्काझी डिस्कांचा, दोन पॉवर सप्लायचा सर्व्हर विकायला येणाऱ्या विक्रेत्याला हे गणित कधी आवडलं नाही.

पुढे एका मोठ्या अभ्यासाने या काटकसरीला आधारही दिला. ली ब्रेस्लाउ, पे काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की वेबवरची मागणी फार विषम असते. थोडी पानं पुन्हा पुन्हा मागितली जातात आणि उरलेल्यांची शेपटी लांबच लांब पसरते. परिणामी कॅशे दुप्पट केला की साठ्यातून भागणाऱ्या मागण्यांचं प्रमाण थोडंसंच चढतं. पुन्हा तेवढंच चढवायला आणखी दुप्पट करावा लागतो. ऑफिसात शेकडा तीस-चाळीस मागण्या साठ्यातून भागल्या तर गडी खूश असायचा. पन्नासाच्या पुढे जायला पैसा ओतणं हा शौक होता.

लाइन रुंद झाली तेव्हा मात्र डिस्क खरंच आडवी आली, आणि तिथेही अडचण तिच्या आकाराची नव्हती, चपळाईची होती. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब सेकंदाला पंचाहत्तरेक कामांवर थांबतो. आणि स्क्विड डिस्कला उसंत देत नाही. पान साठ्यात असेल तर वाचायचं, नसेल तर बाहेरून आणून लिहायचं, जागा करायला जुनं एखादं पुसायचं. नुसत्या पुसण्यासाठी त्याने अनलिंकडी नावाचा वेगळा मदतनीस ठेवला होता. प्रत्येक वस्तू म्हणजे एक फाइल, आणि फायली ठेवायला १६ फोल्डरांत प्रत्येकी २५६ फोल्डर. १३ केबीच्या लाखो फायली. डिस्कसाठी याहून वाईट शिक्षा शोधून सापडायची नाही.

म्हणून मोठ्या ऑफिसांच्या यादीत चमत्कारिक मागण्या दिसू लागल्या. ८० जीबीची एक डिस्क नको, १८ जीबीच्या चार द्या. २००० मध्ये सीगेटने मिनिटाला १५,००० फेऱ्यांची चीटा काढली. ती प्रॉक्सीवाल्यांना हवीहवीशी झाली, कारण एका कामाला सहाएक मिलिसेकंद. २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटलची १०,००० फेऱ्यांची रॅप्टर आली, ३६ जीबी, साध्या साटा जोडणीची, आणि स्काझीचा खर्च टाळणाऱ्यांची सोय झाली. रेड-५ नको म्हणून ओरडून सांगावं लागे. लहानसं काही लिहायचं तरी रेड-५ मध्ये जुना मजकूर वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशा चार फेऱ्या. आणि कशासाठी? कॅशेतला मजकूर सगळा जगात दुसरीकडे मूळ स्वरूपात पडलेला असतो. डिस्क गेली तर दोन दिवस नेट थोडं संथ चालेल. डिस्का सुट्या ठेवा, प्रत्येकीला वेगळा कॅशे द्या, एक गेली तर फेकून द्या. ही गोष्ट अकाउंट्सचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या गळी उतरवणं कठीण असे. त्याच्या जगात हरवलेली फाइल म्हणजे नोकरीवर गदा.

महाराष्ट्रात एक वेगळाच भाग यादीत वर चढला: यूपीएस. या शतकाच्या पहिल्या दशकातलं भारनियमन आठवत असेल त्याला हे सांगायला नको. अचानक वीज गेली की स्क्विड आपली यादी नीट बंद न करताच मरायचा. वीज परतल्यावर आधी फाइल सिस्टिम लाखो बारीक फायली तपासत बसणार, मग स्क्विड लॉगमध्ये ‘डर्टी’ असा शेरा मारून सगळा साठा नव्याने मोजणार. मोठ्या कॅशेला यात एवढा वेळ जायचा की कधीकधी पुढची वीज जायची वेळ यायची. इथे पंधरा हजार फेऱ्यांची डिस्क काही कामाची नव्हती. जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम, आटोपशीर कॅशे आणि बॅटरी बदललेला यूपीएस यांनी दिवस निभावायचा.

स्वस्त भागांचे सापळेही होते. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटचे पेंटियम बोर्ड आपल्याकडे खूप खपले. त्यात प्रोसेसरचा एल-टू कॅशे पहिल्या ६४ एमबी रॅमलाच लागू व्हायचा. कोणी दहा एमबीचा नियम प्रामाणिकपणे पाळून १२८ एमबी बसवली, तर वरची अर्धी रॅम चालायची, पण रेंगाळत. रिअलटेकच्या ८१३९ चिपवरचं नेटवर्क कार्ड सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळीकडे. आलेलं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायला लावणारी त्याची रचना होती. लाइन अरुंद असताना काही बिघडत नव्हतं. ऑफिसातली गर्दी वाढली की तेच कार्ड प्रोसेसर खायला लागायचं. याउलट एक अडथळा असा होता की तो कुठल्याच पैशाने सुटायचा नाही. एका प्रक्रियेने एकाच वेळी उघडायच्या फायली आणि जोडण्या यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टिमची १०२४ ची मर्यादा. सकाळी दहाला सगळे एकदम बसले की ती भरायची आणि मशीन आरामात असूनही प्रॉक्सी गुदमरायचा. यावर नवा सर्व्हर विकत घेणारे लोक होते. उपाय एका ओळीच्या सेटिंगचा होता.

तयार डब्यांचा धंदा याच सुमारास उभा राहिला. कॅशफ्लो १९९६ मध्ये निघाली. कोबाल्टने निळ्या ठोकळ्यासारखा देखणा कॅशक्यूब काढला, आणि २००० मध्ये सनने दोन अब्ज डॉलरला ती कंपनीच घेऊन टाकली. मायक्रोसॉफ्टनेही प्रॉक्सी सर्व्हर काढला, पुढे त्याचं आयएसए झालं, मग टीएमजी, आणि २०१२ मध्ये विक्री बंद. कॅशफ्लोने २००२ मध्ये नाव बदलून ब्लू कोट केलं. नुसतं नाव बदललं नव्हतं; कंपनीने ओळखलं होतं की तार स्वस्त होत चालली आहे आणि ऑफिसांना आता दुसरंच काही विकत हवं आहे.

त्यांना पाहायचं होतं, कोण कुठे जातं. जो प्रॉक्सी सगळ्यांच्या वतीने बाहेर जातो त्याच्या वहीत सगळ्यांच्या फेऱ्या लिहिलेल्या असतात, हे साहेब लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सार्ग नावाचा ब्राझीलमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम स्क्विडच्या लॉगवरून माणसागणिक तक्ते काढून द्यायचा. किती ऑफिसांत तो दर सोमवारी कोणाच्या तरी टेबलावर जायचा देव जाणे. स्क्विडगार्ड पत्त्यांच्या याद्या पाहून अडवायचा. डॅन्सगार्डियन त्यापुढे जाऊन पानातला मजकूर वाचायचा आणि शब्दांना गुण देऊन ठरवायचा. क्लॅमएव्ही प्रत्येक डाउनलोडमध्ये विषाणू शोधायचा. आणि इथे पहिल्यांदाच प्रॉक्सीला प्रोसेसर पुरेना. आधी मजकूर नुसता आत-बाहेर जायचा, आता प्रत्येक बाइट उलटून पाहायची होती. अहमदाबादच्या सायबरोमसारख्या कंपन्यांनी फायरवॉल, प्रॉक्सी आणि पहारा एका पातळ डब्यात घालून भारतभर विकला. २०१४ मध्ये ब्रिटिश सोफोसने ती विकत घेतली. त्या डब्यातली डिस्क मुख्यतः अहवालांसाठी होती. कॅशेचा उल्लेख विक्रीच्या पत्रकात खाली, लहान अक्षरांत.

तोवर हार्डवेअरने डिस्कचा जुना प्रश्न सोडवून टाकला होता. २००८ मध्ये इंटेलच्या एक्स-२५ एसएसडी आल्या. फिरणारं काही नाही, डोकं हलायचं नाही, वाचायला मिलिसेकंदाचा अंशच. प्रॉक्सीवाल्यांनी दहा वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती चपळाई. आणि नेमक्या त्याच वेळी साठवण्याजोगी पानं नाहीशी व्हायला लागली. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नव्हते.

ही पानं कुठे गेली याचं उत्तर पुन्हा लुओटोनेनकडे जातं, आणि या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत मौजेची वाटते ती हीच गाठ. सर्न सोडून तो नेटस्केपमध्ये गेला. नेटस्केपने एसएसएल आणलं होतं. खरेदी-विक्रीची पानं कुलूपबंद जायची, आणि मध्ये बसलेला प्रॉक्सी त्यांच्यापुढे आंधळा. फायरवॉलमागच्या लोकांनी वेबवर खरेदी करायचीच नाही की काय? १९९५ मध्ये लुओटोनेनने एक पद्धत सुचवली: कनेक्ट. ब्राउझर प्रॉक्सीला एवढंच सांगतो की अमुक यंत्राशी जोडून दे, आणि मग प्रॉक्सी बोगदा होऊन बसतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, साठवता येत नाही. ज्याने प्रॉक्सीला साठवायला शिकवलं त्यानेच त्याला न पाहता सोडून द्यायला शिकवलं. तेव्हा ती अपवादाची सोय होती. २०१० मध्ये जीमेल मुळातूनच कुलूपबंद झालं. त्याच वर्षी फायरशीप नावाच्या ब्राउझरच्या जोडप्रोग्रामने कॅफेतल्या शेजाऱ्याचं फेसबुक खातं कसं उघडता येतं ते जगाला दाखवलं. २०१३ मध्ये स्नोडेन प्रकरण आलं, २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं, आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या पानांना ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागला. अपवादाची सोय सगळी वाहतूक गिळून बसली.

ज्यांना पाहायचंच होतं त्यांनी बोगदा फोडला. प्रॉक्सी प्रत्येक साइटच्या नावाचं स्वतःचं प्रमाणपत्र तिथल्या तिथे घडवतो, ऑफिसच्या प्रत्येक पीसीवर त्याला खरं मानायची सूचना आधीच बसवलेली असते, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं कुलूप लावून मधला मजकूर तो वाचतो. स्क्विडमध्ये याला एसएसएल बंप म्हणतात. आता डब्याला एईएस या कुलुपाचं गणित प्रोसेसरच्या आतच करणाऱ्या सूचना हव्या झाल्या. इंटेलने त्या २०१० मध्ये वेस्टमेअर पिढीत आणल्या होत्या, पण स्वस्त सेलेरॉन आणि अॅटममध्ये त्या पुढची बरीच वर्षं नव्हत्या, आणि ऑफिसचे लहान डबे नेमके त्याच प्रोसेसरवर चालत. पीएफसेन्स या फायरवॉलच्या कर्त्यांनी २०१७ मध्ये पुढच्या आवृत्तीला ही सोय सक्तीची करणार असं जाहीर केलं, गदारोळ झाला, मग सक्ती मागे घेतली. मधल्या काळात कित्येक चांगले डबे निकालात निघाले. लोकांची बँकेची पानं ऑफिसच्या डब्यात उघडी पडणं मला कधीच पटलेलं नाही. बहुतेक ऑफिसांचं काम साइटचं नाव पाहून सोडायचं की अडवायचं, एवढ्यावर भागतं, आणि त्याला प्रोसेसर जवळपास लागतच नाही.

तो जुना गुणाकार आजच्या लाइनवर करून पाहावा. १०० एमबीपीएस, आठ तास, सहा दिवस: २.१६ टीबी. जीबीमागे चौदा एमबी धरले तर तीस जीबी रॅम. एवढा साठा भरणार कशाने? वाहतूक कुलूपबंद, उरलीसुरली साधी पानं एखाद्या पेन ड्राइव्हवर मावतील. विंडोजची अपडेटं शंभर मशीनवर शंभरदा उतरू नयेत हे खरं, पण ते काम आता विंडोजची मशीनं आपापसांत वाटून घेतात, आणि अॅपलचा कुठलाही मॅक २०१७ पासून स्वतःच अपडेटांचा साठा ठेवू शकतो. पहाऱ्याचं कामही बऱ्याच कंपन्यांनी झीस्केलरसारख्या बाहेरच्या सेवांकडे सोपवलं, जिथे प्रॉक्सीचं यंत्र ऑफिसात असतच नाही. वर ब्राउझर आता क्विकने, म्हणजे यूडीपीवरून बोलतात, जे जुन्या प्रॉक्सीला समजत नाही. तेव्हा ऑफिसातला माणूस यूडीपीचं ४४३ पोर्ट बंद करतो आणि ब्राउझर मुकाट्याने जुन्या वाटेने येतो.

तरीही ज्यांना ऑफिसात डबा ठेवायचाच आहे त्यांनी आज काय घ्यावं? पंखा नसलेला लहान पीसी, इंटेलची दोन नेटवर्क पोर्टं, एईएसच्या सूचना असलेला कुठलाही प्रोसेसर, आठ जीबी रॅम. कॅशेची डिस्क बंद करून टाकावी. स्क्विड रॅममध्ये थोडंफार ठेवतो तेवढं बास. आणि डिस्क? तिला नवं काम लागलं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक केलं, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं. शंभर माणसं, माणशी दिवसाला पाच हजार ओळी आणि ओळीला दोनशे बाइट धरा: दिवसाला शंभर एमबी, १८० दिवसांचे १८ जीबी, दाबून ठेवले तर त्याचाही काही भागच. १२० जीबीची साधी एसएसडी घ्यावी, आणि या वेळी मात्र एकीऐवजी दोन घेऊन रेड-१ करावं. कॅशे गेला तर तो इंटरनेटवरून पुन्हा भरायचा. लॉग गेले तर ते कुठूनच परत येत नाहीत.